आंबा कुणी घडवला?

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाचा आंबा मिळतो. हलक्या लाकडातून कोरलेला, रंगवलेला आणि चकाकी दिलेला हा आंबा खऱ्या आंब्यांच्या टोपलीत ठेवला तर पटकन ओळखू येत नाही. हातात घेतल्यावर वजन वेगळे लागते आणि वास येत नाही, तेव्हा कुठे खात्री पटते. सुबोध गुप्ता या ख्यातनाम भारतीय कलावंताने २००९ मध्ये लंडनच्या एका कलादालनात ‘आम आदमी’ या शीर्षकाखाली आंबेच मांडले होते, फक्त ते ब्राँझमध्ये ओतून रंगवलेले होते. दोन्ही आंब्यांमागची युक्ती मुळात एकच आहे. ओळखीची, रोजच्या वापरातली वस्तू अनपेक्षित द्रव्यात इतक्या बारकाईने घडवायची की आधी डोळा फसावा आणि मग मनाने थांबून त्या वस्तूकडे पुन्हा पाहावे. यांतला एक आंबा नगावर विकला जातो आणि दुसरा जगाच्या कलाबाजारात जातो, याबद्दल माझी तक्रार नाही, कारण किंमत ठरण्यामागे मागणी, दुर्मीळता, कलावंताची एकूण कारकीर्द अशी पुष्कळ कारणे असतात. माझी तक्रार नावाबद्दल आहे. लाकडी आंब्यासोबत कुणाचेच नाव येत नाही. कलादालनातल्या अशा शिल्पांसोबत सहसा एकच नाव येते, ते कल्पना करणाऱ्याचे. ज्या हातांनी प्रत्यक्षात डोळ्याला फसवले, ते हात दोन्हीकडे नोंदीबाहेर राहतात.

हा प्रश्न मी सगळ्या शिल्पकलेबद्दल उपस्थित करत नाही, या विशिष्ट प्रकाराबद्दल करतो आहे, आणि त्याला कारण आहे. फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने १९१७ मध्ये बाजारातून आणलेले मुतारीचे भांडे ‘फाउंटन’ म्हणून प्रदर्शनासाठी पाठवले, तेव्हा त्या कृतीचा सगळा अर्थ निवडीत होता. भांडे कुणी आणि किती सफाईने घडवले याने त्या अर्थात काही फरक पडत नव्हता. ब्राँझच्या आंब्याचे किंवा पुढे ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या चिनी मातीच्या बियांचे तसे नाही. तिथे साल सालीसारखी दिसली नाही, रेघ नेमकी उतरली नाही, तर कल्पना कितीही थोर असली तरी प्रेक्षकाच्या मनात काहीच घडत नाही. ‘हा आंबा आहे’ आणि ‘हा आंबा नाही’ या दोन जाणिवांमधल्या क्षणभराच्या अंतरात अशा शिल्पाचा प्राण असतो आणि ते अंतर हस्तकौशल्यानेच निर्माण होते. कौशल्य हाच जिथे अर्थाचा पाया आहे, तिथे कौशल्य कुणाचे हे न सांगणे म्हणजे कलाकृतीविषयीची अर्धी माहिती दडवणे होय. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, सार्वजनिक पैशातून चालणारी संग्रहालये, शासकीय हस्तकला विक्रीकेंद्रे आणि चौकाचौकांत शिल्पे उभारणाऱ्या महापालिका यांनी अशा प्रत्येक वस्तूसोबत ती घडवणाऱ्याचे नाव लावणे बंधनकारक असले पाहिजे. ते सौजन्यावर सोडू नये.

या प्रकारातील आपल्या काळातली सर्वांत गाजलेली कृती म्हणजे चिनी कलावंत आय वेवे यांची ‘सनफ्लॉवर सीड्स’. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये १२ ऑक्टोबर २०१० रोजी ती खुली झाली. दालनाच्या जमिनीवर सूर्यफुलाच्या सुमारे १० कोटी बिया पसरलेल्या होत्या, सगळ्या मिळून १५० टनांच्या, आणि त्यांतली एकही बी खरी नव्हती. चीनमधील जिंगदेझेन हे गाव शतकानुशतके राजदरबारासाठी चिनी मातीची भांडी घडवत आले. तिथल्या १,६०० हून अधिक कारागिरांनी सुमारे अडीच वर्षे खपून या बिया तयार केल्या. माती साच्यातून काढायची, सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजायची, मग प्रत्येक बीच्या दोन्ही अंगांवर कुंचल्याचे तीन-चार फटकारे ओढून करडे-काळे पट्टे काढायचे आणि पुन्हा कमी उष्णतेवर भाजायचे, असा तो क्रम. रंगवणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती आणि त्यांच्यापैकी अनेक जणी घरीच बसून काम करत. हाताने ओढलेल्या फटकाऱ्यामुळे एक बी दुसरीसारखी नव्हती, आणि एका ढिगात हरवलेल्या पण तरीही वेगवेगळ्या असलेल्या व्यक्ती हाच तर त्या कृतीचा आशय होता. माओच्या काळातील प्रचारचित्रांत माओ म्हणजे सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळवणारी सूर्यफुले, हा संदर्भ चिनी प्रेक्षकाला सांगावाही लागला नसेल.

प्रदर्शन सुरू झाल्यावर दोनच दिवसांत संग्रहालयाने प्रेक्षकांना त्या बियांवरून चालण्यास मनाई केली. चालण्याने बिया एकमेकींवर घासून धूळ उडत होती आणि ती वारंवार श्वासात गेल्यास अपाय होण्याची शक्यता होती. निर्णय योग्यच होता. पण चिनी मातीच्या धुळीतील सिलिकामुळे फुफ्फुसांना होणारा सिलिकॉसिस हा कुंभारकामातला जुना आजार आहे, आणि तासाभरासाठी येणाऱ्या प्रेक्षकाच्या श्वासाची दखल घेणाऱ्या या घटनेने अडीच वर्षे त्याच मातीत हात घालून बसलेल्यांची आठवण व्हायला हवी होती. त्यांच्याविषयी आपल्याला कळला तो १,६०० हा एक आकडा. फेब्रुवारी २०११ मध्ये लंडनच्या लिलावात याच कृतीतील १०० किलो बिया सुमारे साडेतीन लाख पौंडांना विकल्या गेल्या आणि एका बीची किंमत साडेतीन पौंडांच्या आसपास पडते असा हिशेब वर्तमानपत्रांनी मांडला. बीचा भाव निघाला, पण ती बी कुणी रंगवली हे मात्र विकत घेणाऱ्यालाही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आय वेवे यांच्यावर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी कारागिरांना लपवले नाही. प्रदर्शनासोबतच्या माहितीपटात जिंगदेझेनची माणसे, त्यांची कार्यशाळा, त्यांचे बोलणे दाखवले गेले, आणि एवढे करणारे कलावंतही विरळाच. नावाचे मोल या कलावंताइतके फार थोड्यांना कळले असेल. मे २००८ च्या सिचुआन भूकंपात निकृष्ट बांधकामाच्या शाळा कोसळून हजारो मुले गेली. सरकार त्यांची नावे जाहीर करत नव्हते. तेव्हा आय वेवे यांनी स्वयंसेवकांना घेऊन गावोगाव फिरून ५,००० हून अधिक मुलांची नावे गोळा केली आणि ती यादी पुढे प्रदर्शनांत भिंतभर लावली. त्याच शाळांच्या ढिगाऱ्यातील वाकलेल्या सळया माणसांकडून हातोड्यांनी ठोकून सरळ करून घेतल्या आणि ‘स्ट्रेट’ हे शिल्प मांडले. आकड्यात माणूस पुसला जातो आणि नावात तो परत उभा राहतो, हे ज्या कलावंताने इतक्या निर्धाराने दाखवून दिले, त्याच्या बियांच्या दालनातही १,६०० नावांची एक भिंत असायला हवी होती. ती भिंत भूकंपातील मुलांच्या यादीच्या एक तृतीयांशाहून लहान भरली असती, म्हणजे जागेची किंवा खर्चाची अडचण कुणी पुढे करू शकले नसते.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की, कल्पना कलावंताची असते, कारागिराला मजुरी मिळालेली असते, आणि घर बांधणाऱ्या गवंड्याचे नाव आपण घरावर लिहीत नाही. गवंड्याचे नावही लिहिले जावे असे मला वाटते, पण तो मुद्दा आज बाजूला ठेवतो. कल्पना एका डोक्यात जन्मते आणि हात ती फक्त अमलात आणतात, ही समजूतच या कलाप्रकारात टिकत नाही. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात जेडची एक कोबी आहे, चिनी कोबीचा उभा गड्डा, उंची १८.७ सेंटिमीटर. एकोणिसाव्या शतकातील हे काम पाहण्यासाठी लोक रांगा लावतात. मूळ दगड अर्धा पांढरा आणि अर्धा हिरवा होता, त्यात भेगा होत्या आणि डागही होते. दागिन्यासाठी किंवा पेल्यासाठी तो कमअस्सल ठरला असता. घडवणाऱ्याने पांढऱ्या भागात देठ पाहिले, हिरव्या भागात पाने पाहिली, भेगा पानांच्या शिरांमध्ये जिरवल्या आणि वरच्या पानांवर दोन टोळ बसवले. आता यात कल्पना कुठे संपली आणि कारागिरी कुठे सुरू झाली हे कुणी सांगावे? दगडाचे दोष ज्याला हाताखाली जाणवले त्यालाच ही कोबी सुचू शकली असती. त्या माणसाचे नाव आज कुणालाही ठाऊक नाही. कोबी राजघराण्यातील कोणत्या स्त्रीकडे होती, कोणत्या महालात सापडली, याची चर्चा मात्र आवर्जून होते.

पश्चिमेकडेही चित्र फार वेगळे नाही. अमेरिकी शिल्पकार क्लेस ओल्डनबर्ग यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माणसाएवढा केकचा तुकडा आणि कोचाएवढा बर्गर कापडाचे करून जमिनीवर मांडले, आणि कठीण वस्तू मऊ करणारी, खाण्याच्या वस्तूंना कापड आणि फोमचे अंग देणारी ही शिल्पे विसाव्या शतकाच्या कलेतील मोठे वळण मानली गेली. त्या कापडाची शिवण त्यांच्या तेव्हाच्या पत्नी पॅटी म्यूका यांनी घातलेली होती. शिवण हेच त्या शिल्पांचे अंग आहे, तरीही संग्रहालयांतून दीर्घकाळ एकट्या ओल्डनबर्ग यांचे नाव राहिले. पुढे १९७६ पासून ओल्डनबर्ग यांनी त्यांच्या नंतरच्या पत्नी कोशा व्हान ब्रुगेन यांच्याबरोबर जी प्रचंड सार्वजनिक शिल्पे केली, ती दोघांच्या नावावर नोंदली गेली. म्हणजे दोन नावे लिहिल्याने कलेच्या इतिहासाचे काही बिघडत नाही. शिवणाऱ्या हाताला मात्र ती वाट फार उशिरा आणि अर्धवटच मिळाली.

शिवणकाम घरातल्या बाईचे म्हणून ते कामच न मानण्याची ही सवय आपल्याला परकी नाही. संक्रांतीला नव्या सुनेला आणि लहान बाळाला घालायचे हलव्याचे दागिने हा रोजच्या ओळखीची वस्तू भलत्याच द्रव्यात घडवण्याचा आपल्या घरातला अस्सल प्रकार आहे; सोन्याच्या जागी साखर. खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर ठेवायचा, पाक थेंबाथेंबाने सोडायचा, बोटांच्या टोकांनी दाणे सतत फिरवत राहायचे, आच जरा वाढली तर पाक पिवळा पडतो आणि हात जरा थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात. असे तासन्‌तास केल्यावर हलव्याला काटा येतो, आणि त्यानंतर कुठे तो मंगळसूत्रात, बाजूबंदात, नारळाच्या तोंडवळ्यात गुंफायला मिळतो. आज हे दागिने मोठ्या प्रमाणावर विकत मिळतात आणि परदेशांतल्या मराठी घरांतही जातात. खोक्यावर दुकानाचे नाव असते. काटा आणणाऱ्या बाईचे नाव कधी नसते.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे आणि म्हणून अधिक घातक. भारतीय कारागीर परंपरेने अनामिक आहे, काम हे त्याचे पूजन आहे, नावाचा सोस हा पाश्चात्त्य व्यक्तिवादाचा परिणाम आहे, असे मोठ्या आदराने सांगितले जाते. हा आदर कारागिराला काहीच देत नाही, आणि पुरावाही त्याच्या विरुद्ध आहे. लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह हे या लेखाच्या विषयाचे महाराष्ट्रातले फार जुने आणि भव्य उदाहरण म्हणता येईल, कारण ते लाकडी वास्तूची दगडातील प्रतिकृती आहे. सुताराने बांधलेल्या सभागृहाचे खांब, कमानी, सज्जे आणि जोड बेसॉल्टमध्ये कोरलेले आहेत, आणि छताला बसवलेल्या खऱ्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही तिथे आहेत. दगडाला लाकूड होण्याची ही हौस ज्यांनी पुरवली त्यांच्यापैकी एक नाव आपल्याला वाचता येते. दर्शनी भागातील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे काम केल्याचे नोंदवले आहे. त्याच लेण्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचाही लेख आहे, जो या शैलगृहाला जंबुद्वीपात सर्वोत्तम म्हणतो. धनिकाचे नाव आहे आणि सुताराचेही आहे, वडिलांसकट आणि गावासकट. कर्नाटकातील बेलूरच्या होयसळ मंदिरात दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांच्यासारख्या शिल्पींनी मूर्तींखाली स्वतःची नावे कोरली, आणि मल्लितम्म या शिल्पीची स्वाक्षरी तर तेराव्या शतकातील अनेक मंदिरांत सापडते. संधी मिळाली तिथे आपल्या कारागिराने नाव लिहिले आहे. अनामिकता ही त्याची साधना नव्हती. बहुतेक वेळा ती त्याच्या सामाजिक स्थानाने त्याच्यावर लादली होती, आणि जातीच्या उतरंडीत हाताने काम करणाऱ्याला ज्या पायरीवर ठेवले गेले तिचा या अनामिकतेशी असलेला संबंध नाकारता येणार नाही.

आता पुन्हा लाकडी फळांकडे येतो. माझ्या घरी असा एक सावंतवाडीचा आंबा आहे. रंग देठाकडे हिरवट, पोटाशी पिवळा, आणि एका गालावर तांबूस झाक, जिथे फळाला ऊन लागले असावे. इतके कुणीही रंगवील. पण देठाच्या खळगीतून चिकाचा एक काळपट ओघळ बोटभर खाली आलेला आहे. खऱ्या आंब्यावर असा ओघळ पडला तर व्यापारी तो आंबा खाली दडवतो. लाकडाला चीक नसतो, त्यामुळे हा डाग कुणीतरी विचार करून, झाडावरून उतरवलेला आंबा आठवून, बारीक कुंचल्याने मुद्दाम काढला आहे. जेडच्या कोबीत दगडातला दोष लपवला गेला आणि इथे लाकडात नसलेला दोष आणला गेला. दोन्हीकडे निर्णय घेणारे मन कारागिराचे आहे. हा ओघळ काढणारा माणूस कोण, चितारआळीतल्या कोणत्या ओट्यावर बसतो, त्याला हे कुणी शिकवले, यांपैकी काहीही सांगणारी ओळ त्या आंब्यासोबत आली नव्हती.

भौगोलिक मानांकनाने हा प्रश्न सुटेल असे पुष्कळांना वाटते. १९९९ च्या कायद्याने मिळणारे हे मानांकन मौल्यवान आहे, कारण ते यंत्रावर ओतलेल्या नकलेपासून एका प्रदेशाच्या कसबाचे रक्षण करते, आणि त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला स्वतंत्र नोंदणीही करता येते. पण बाजारात जे नाव पोहोचते ते गावाचे. पैठणी, कोल्हापुरी ही गावांची नावे आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला कोणताही उल्लेख न करता सादर केल्या तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला, आणि कंपनीला त्यामागच्या भारतीय परंपरेचा उल्लेख करणे भाग पडले. तो संताप रास्तच होता. मात्र जो न्याय आपण मिलानकडून मागितला तो आपल्या दुकानांत, आपल्या शासकीय प्रदर्शनांत लावायला हवा. कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपला अभिमान दुखावतो, आणि चप्पल शिवणाऱ्या चर्मकाराचे नाव घेतले नाही तर आपल्याला काही खटकत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही ही मागणी हवेतली नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलात्मक कारागिरीचे काम हे कलाकृतीच्या व्याख्येत बसते, आणि त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमानुसार हक्क विकल्यानंतरही कृतीचे कर्तेपण सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प सरकारने काढून खराब होऊ दिले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे सहगल यांना न्याय दिला. अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश झाला. कलावंताच्या नैतिक अधिकाराचा तो महत्त्वाचा विजय होता. ब्राँझ ओतणाऱ्या, ठोकणाऱ्या, जोडणाऱ्या हातांना मात्र अशी दाद मागण्यासाठी आधी आपण तिथे होतो हे सिद्ध करावे लागेल, आणि नाव कुठेच लिहिलेले नसेल तर ते सिद्ध कसे करणार?

महापालिकांचा विषय तर रोजच्या डोळ्यांपुढचा आहे. चौक सुशोभीकरणाच्या कामांत गेल्या काही वर्षांत फायबरच्या, पत्र्याच्या, भंगार जोडून केलेल्या मोठाल्या वस्तू उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ सुमार आहेत आणि काही खरोखर चांगल्या आहेत. प्रत्येकीशेजारी फलक असतो. त्यावर ‘संकल्पना’ या शब्दापुढे लोकप्रतिनिधीचे नाव असते, ‘निधी’पुढे असते, ‘शुभहस्ते’पुढे असते. ज्याने सळ्यांचा सांगाडा जोडला, साचा काढला, वेल्डिंगची ठिणगी अंगावर घेतली, त्याच्यासाठी फलकावर ओळ नसते. म्हणजे कल्पनेचे श्रेय कल्पना करणाऱ्याला आणि हाताला फक्त मजुरी, हे जागतिक कलाविश्वातले गणित आपल्या चौकात येऊन आणखी विपरीत होते, कारण इथे कल्पनाही अनेकदा शिल्पकाराचीच असते आणि ‘संकल्पना’ हा शब्द त्याच्या हातून काढून दुसऱ्याच्या नावापुढे बसवलेला असतो.

प्रत्यक्षात काय करायचे, तर संग्रहालयाच्या नोंदवहीत आणि पाटीवर कलावंत, शीर्षक, माध्यम, वर्ष या नेहमीच्या तपशिलांबरोबर ‘घडवणारे’ ही एक ओळ वाढवायची. ज्या कलावंताने सर्व काम स्वतः केले आहे त्याचा या ओळीने सन्मानच होईल. अमेरिकी कलावंत व्हिया सेल्मिन्स यांनी १९७७ ते १९८२ या काळात ११ दगडांच्या ब्राँझमधील प्रती स्वतः रंगवून मूळ दगडांशेजारी ठेवल्या. दगडावरचा प्रत्येक ठिपका त्यांच्या हाताने उतरलेला आहे, आणि आजच्या पद्धतीची पाटी वाचून हे काम आणि शेकडो कारागिरांकडून करवून घेतलेले काम यांतला फरक प्रेक्षकाला कळत नाही. जुन्या वस्तूंच्या बाबतीत नाव मिळणार नाही. तिथे ‘कारागीर अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे निदान कुणीतरी होते याची नोंद राहील. महापालिकेने कामाचा आदेश काढतानाच, अंतिम देयकाआधी, घडवणाऱ्यांची नावे सादर करण्याची अट घालावी आणि ती फलकावर आणावीत. शासकीय विक्रीकेंद्रांनी प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी नाव छापावे. विणकराचे नाव साडीच्या चिठ्ठीवर देण्याची पद्धत काही संस्थांनी सुरू केलेली आहे, तेव्हा हे अशक्य आहे असे म्हणता येणार नाही. एका वस्तूवर चार हातांनी काम केले असेल, म्हणजे एकाने कातले, दुसऱ्याने कोरले, तिसऱ्याने घासले आणि चौथ्याने रंगवले, तर चार नावे यावीत. चित्रपटाच्या शेवटी प्रकाशयोजनेच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांची नावे येतात आणि त्यामुळे दिग्दर्शकाचे स्थान तसूभरही कमी झालेले नाही.

या मागणीतली खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मान्य केली पाहिजे. नाव लावायचे ठरले की कार्यशाळेचा मालक स्वतःचे नाव पुढे करील, आणि रोजंदारीवर रंगवणारी बाई पुन्हा बाहेरच राहील. म्हणून अट उद्योगाच्या नावाची असून चालणार नाही, ती हाताच्या नावाची असावी लागेल, आणि तिची पडताळणी कार्यशाळेत जाऊन, मजुरीच्या नोंदींशी ताडून करावी लागेल. हे कटकटीचे आहे, पण बांधकामात सिमेंटचा दर्जा तपासण्याइतके कटकटीचे नाही. शिवाय अशी पडताळणी करायला कुणी कार्यशाळेत गेलाच, तर तिथली धूळ, रंगातली रसायने आणि मजुरीचा दर या गोष्टीही त्याच्या नजरेला पडतील, आणि माझ्या मते नावाच्या आग्रहाचा तो सर्वांत मोठा लाभ ठरेल. काही कारागिरांना नाव नको असेल. एखादा दुसऱ्या कार्यशाळेतली नोकरी सांभाळून हे काम करत असेल, एखादीला घरच्यांच्या नजरेतून कमाई दूर ठेवायची असेल. त्यांना तो अधिकार आहेच, आणि त्यांचा नकार त्यांच्याच सहीने नोंदवून घेता येईल. मात्र तो नकार त्यांनी द्यायचा आहे, आणि त्यासाठी आधी कुणीतरी त्यांना विचारायला हवे.